गळ्यात माळ आणि समोर नियम, अशा वेळी काय करायचं (एका माळकऱ्याच्या अनुभवातून)

रामकृष्णहरी मंडळी. हे बरेच दिवस लिहायचं होतं, कारण दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी नवीन पोरगा फोन करतो की दादा, कंपनीत माळ काढायला सांगतायत, काय करू. मी एकोणिसाव्या वर्षी माळ घातली, वडिलांच्या हातून, पंढरपुरात चंद्रभागेवर. त्याच वर्षी अप्रेंटिस म्हणून लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापणाऱ्या मशीनवर, उभा राहिलो. म्हणजे माझी माळ आणि माझी नोकरी जवळपास एकाच वयाची आहेत आणि दोघींना सांभाळत इथपर्यंत आलोय. त्यातून जे शिकलो ते सांगतो, वारकऱ्यांच्या उदाहरणानेच सांगतो कारण मला तेच आतून माहितीये, पण पगडी, हिजाब, क्रॉस, रोजा, जैनांचं चौविहार (सूर्यास्तानंतर काही न खाणं-पिणं), कोणाचंही असो, रस्ता साधारण हाच.

सगळ्यात आधी घरी बसून एक काम करा. आपल्या श्रद्धेत न सोडण्यासारखं नेमकं काय आहे आणि सवयीनं चिकटलेलं काय आहे हे वेगळं करा. बरेच जण हे करत नाहीत आणि मग गेटवर सिक्युरिटीवाल्याशी वाद घालताना त्यांनाच कळत नाही आपण कशासाठी भांडतोय. माळेचंच घ्या. माळ गळ्यातून काढायची नाही, तुटली तर दुसरी घालेपर्यंत अन्न घ्यायचं नाही, एवढं पक्कं. पण ती शर्टाच्या बाहेरच दिसली पाहिजे, मोठ्या मण्यांचीच पाहिजे, चांदीच्या तारेत ओवलेलीच पाहिजे, हे कोणी सांगितलं? कोणीच नाही. कपाळाला गोपीचंदन आणि बुक्का लावणं मला प्रिय आहे पण कामावर जाताना तो पुसला गेला तर माझं व्रत मोडत नाही. एकादशीला उपास पक्का, पण कॅन्टीनमध्ये साबुदाणा मिळालाच पाहिजे हा माझा हक्क नाही, मी डब्यात दाण्याचा लाडू आणि केळी नेतो. शंका असेल तर ज्यांच्याकडून माळ घेतली त्या महाराजांना किंवा फडावरच्या, म्हणजे आपल्या वारकरी गटातल्या, जुन्या माणसांना विचारा, त्यांच्याकडे असे शंभर प्रश्न येऊन गेलेले असतात, गिरणीत आणि कारखान्यात काम करून वारी करणाऱ्या तीन-तीन पिढ्या आपल्याकडे झाल्यात.

मग नियमाकडे बघा. नियम वाचा, खरंच वाचा, कोणीतरी सांगितलं म्हणून नको. निम्म्या वेळा मूळ नियमात तसं काही नसतंच, सुपरवायझरनं आपल्या अंदाजानं सांगितलेलं असतं. आणि असलाच तर तो कशासाठी आहे ते शोधा. कोणाचा जीव वाचवण्यासाठी आहे, कॉपी होऊ नये म्हणून आहे, सगळे एकसारखे दिसावेत म्हणून आहे, की कोणाला तरी आपली श्रद्धाच खुपतेय म्हणून आहे. या चार प्रकारच्या नियमांना चार वेगवेगळी उत्तरं आहेत आणि लोक सगळ्यांना एकच उत्तर देतात, तिथं घोळ होतो.

जिवाच्या नियमापासून सुरुवात करतो कारण माझं पहिलं भांडण तिथलंच. लेथवर गळ्यात लटकणारं काहीही चालत नाही, ना टाय, ना आयकार्डची दोरी, ना ओढणी, ना माळ. काम पकडून फिरणाऱ्या चकमध्ये धागा अडकला तर माणूस मान सोडवायच्या आत ओढला जातो. कारखाना कायदा 1948 मध्येसुद्धा चालत्या मशीनचं ऑइलिंग, पट्टा वगैरे बघणाऱ्यानं अंगासरशी कपडे घालायचे असं आहे, ते उगाच नाही. माझ्या पहिल्या कंपनीत सेफ्टी ऑफिसरनं मला माळ काढायला सांगितली आणि मी एकोणीस वर्षांचा, डोक्यात रक्त चढलं, म्हटलं नोकरी गेली तरी चालेल. तो माणूस शांत होता, म्हणाला माझं तुझ्या विठ्ठलाशी भांडण नाही, मला तुझी मान वाचवायचीये. घरी येऊन वडिलांना सांगितलं तर वडील त्याच्याच बाजूनं बोलले. मग आम्ही दोघांनी मिळून उपाय काढला आणि तो आजही मी सगळ्यांना सांगतो.

माळ गळ्यालगत बसेल अशी आखूड कंठी करून घ्या. पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरं पिढ्यानपिढ्या तुळशीच्या माळा करतात, त्यांना गळ्याचं माप दिलं की बरोबर करून देतात. तार नको, नायलॉन तर अजिबात नको, बारीक सुती दोरा घ्या जो ओढला की लगेच तुटेल. वरून गळ्यापर्यंत बटण लावलेला शर्ट, त्यावर अ‍ॅप्रन, माळ पूर्ण आत. आणि दुसरी तयार माळ लॉकरमध्ये किंवा डब्याच्या पिशवीत कायम ठेवा, म्हणजे तुटलीच तर दिवसभर उपाशी राहायची वेळ येत नाही, हात धुऊन, देवाचं नाव घेऊन दुसरी घालता येते. हे सगळं घेऊन मी सेफ्टी ऑफिसरकडे गेलो, त्याच्यासमोर जुनी माळ ओढून तोडून दाखवली, वाकून दाखवलं की काहीच बाहेर येत नाही. त्यानं लेखी परवानगी दिली. तरीही स्पष्ट सांगतो, त्यानं नाही म्हटलं असतं तर मी मशीन बदलून मागितलं असतं, इन्स्पेक्शन किंवा असेंब्लीला गेलो असतो, पण तिथं वाद घातला नसता. ज्या नियमामागे रक्त सांडलेलं आहे त्या नियमापुढे मी मान तुकवतो, आणि यात माझी श्रद्धा कमी होते असं मला कधीच वाटलं नाही. एमआरआयचंही तसंच, तिथं धातू चालत नाही, तारेतली माळ असेल तर काढावीच लागेल, म्हणून घरात एक दोऱ्यातली माळ असू द्या आणि तपासणीच्या आधीच टेक्निशियनला दाखवा.

आता परीक्षा. मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' (NEET) परीक्षेच्या वेळी दर वर्षी गेटवर रडारड होते. त्या परीक्षेच्या माहितीपत्रकात धार्मिक किंवा पारंपरिक वेश, वस्तू असणाऱ्यांनी ठरलेल्या वेळेच्या बरंच आधी यावं, नीट झडती घेता यावी म्हणून, अशी सूचना असते. लोक ती वाचत नाहीत आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत धापा टाकत पोचतात, तेव्हा गेटवरच्या माणसाकडे ना वेळ असतो ना डोकं शांत असतं. 2018 मध्ये दिल्ली हायकोर्टानं शीख मुलांना कडं आणि कृपाण घालून नीट द्यायला परवानगी दिली ती पण एक तास आधी या या अटीवरच. उलट 2015 मध्ये मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला हिजाबची परवानगी मागणारा अर्ज सुप्रीम कोर्टानं ऐकला नव्हता, आणि त्याच वर्षी केरळ हायकोर्टानं दोन मुलींना महिला पर्यवेक्षकाकडून झडती द्यायच्या अटीवर परवानगी दिली होती. म्हणजे निकाल दोन्हीकडचे आहेत, भरवसा निकालावर ठेवू नका, तयारीवर ठेवा. त्या वर्षीचं माहितीपत्रक काढा, ती सूचना असलेलं पान प्रिंट करा, आधी ईमेल पाठवून ठेवा, त्याची पण प्रिंट घ्या, आणि गेट उघडायच्या वेळी पहिल्या दहा जणांत उभे राहा.

आणि आदल्या रात्री मुलीशी किंवा मुलाशी बोलून ठेवा की इतकं करूनही काढायला लावली तर काय. हे घरीच ठरवायचं. माझ्या भाचीला मी सांगितलं होतं की बाळा, तुझ्या आईच्या हातात दे, पेपर दे, बाहेर आलीस की आई घालेल, पांडुरंग तीन तासांत कुठे जात नाही. पण हे माझं मत, दुसऱ्या कोणाची श्रद्धा वेगळं सांगत असेल तर मी त्याला कमी म्हणणार नाही. फक्त गेटवर, रडणाऱ्या लेकरासमोर हा निर्णय घेऊ नका, एवढंच.

एकसारखं दिसण्याच्या नियमांबद्दल थोडक्यात. युनिफॉर्म, दाढी, टोपी वगैरे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये पगडी घालणाऱ्या शिखांना हेल्मेटमधून सूट आहे, पण 2016 मध्ये हवाई दलातल्या एका जवानाला दाढीची परवानगी सुप्रीम कोर्टानं नाकारली, शिस्तीचं कारण देऊन. सैन्य, पोलीस असं जिथं जायचं तिथले नियम भरती व्हायच्या आधी वाचून जा, नंतर नको. आणि राज्यघटनेतलं कलम 25 सगळे सांगतात, पण त्याच कलमात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून असं लिहिलंय ते कोणी सांगत नाही. शिवाय तो हक्क मुख्यतः सरकारपुढे चालतो, खासगी कंपनीच्या एचआरला कलम दाखवून फार उपयोग होत नाही, तिथं बोलूनच मार्ग काढावा लागतो. शाळेबाबत मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसायची सक्ती करता येत नाही, कलम 28. हे आपल्या मुलांना लागू आहे तसंच आपल्या शाळेत येणाऱ्या दुसऱ्यांच्या मुलांनाही लागू आहे, हे गावाकडच्या शाळा समित्यांवर असलेल्या आपल्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावं.

नाही कसं म्हणायचं, याचं मला सापडलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण केरळातलं आहे. 1985 साली तिथल्या एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकलं, कारण ती राष्ट्रगीत म्हणत नव्हती. ती यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची होती, त्यांच्या श्रद्धेत देवाशिवाय कोणाचं स्तवन गायचं नाही. पण ती मुलं राष्ट्रगीताला सगळ्यांबरोबर उभी राहायची, सरळ, शांत, मानानं. फक्त म्हणायची नाहीत. 1986 मध्ये सुप्रीम कोर्टानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला, बिजो इमॅन्युएल खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे, आणि निकालात त्या उभं राहण्याला फार महत्त्व होतं. मला स्वतःला राष्ट्रगीत म्हणताना भरून येतं, त्यांची श्रद्धा माझी नाही, पण त्यांची रीत मी उचललीये. जेवढं करता येतं तेवढं सगळं मनापासून करायचं आणि जे करता येत नाही तेवढंच बाजूला ठेवायचं. पार्टीला जायचं, फक्त प्यायचं नाही. आमच्याकडे काही जण उलटं करतात, पार्टीलाच जात नाहीत, गेले तर तोंड पाडून बसतात, मग बाकीच्यांना वाटतं हा आपल्याला हलकं समजतो.

पार्टीचा विषय निघालाच आहे तर, क्लायंटबरोबर ग्लास पुढे आला की एकच वाक्य बोला, मी माळकरी आहे, घेत नाही. झालं. अ‍ॅसिडिटीचं, गोळ्या चालू असल्याचं कारण देऊ नका. एक तर ते खोटं, आणि दुसरं म्हणजे पुढच्या महिन्यात विचारतात आता बरं वाटतंय ना, मग घे, आणि तुम्ही खोट्यावर खोटं बोलत बसता. खरं एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही, मला तर जपानी क्लायंटनं पुढच्या भेटीत स्वतः उठून लिंबूसोडा आणून दिला होता. आणि समोरच्याच्या ताटातल्या मटणावर प्रवचन नको, आपली माळ आपल्या गळ्यात आहे, त्याच्या नाही.

वारीची रजा हा दरवर्षीचा प्रश्न. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पूर्ण चालायचं म्हणजे जवळपास तीन आठवडे जातात आणि एवढी रजा सलग क्वचितच मिळते. पंचांग आलं की तारखा बघून तेव्हाच अर्ज टाका, आठवडा आधी नको. पूर्ण नाही जमलं तर एक टप्पा मागा, पुण्याहून सासवडचा दिवेघाट चढून या, पुढच्या वर्षी दुसरा टप्पा. आणि मागताना बदल्यात काय देणार ते आधी सांगा. मी गौरी-गणपतीला आणि दिवाळीच्या पाडव्याला ड्युटी घेतो. आमच्या लाइनवर एक मुस्लिम सहकारी आहे, रमजानमध्ये संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी त्याची मशीन मी बघतो, आषाढीत माझी शिफ्ट तो ओढतो, नऊ वर्षं झाली, साहेबाला यात कधी पडावं लागलं नाही. आपल्या श्रद्धेचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर टाकायचा नाही, हे मी पाळतो आणि म्हणूनच मागताना माझा आवाज कापत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. माळेसाठी, उपासासाठी, गंधासाठी भांडणारे पुष्कळ भेटतात. पण माळ घालताना फक्त मांस-दारू सोडतो असं नाही सांगत आपण, खोटं बोलणार नाही, परधन घेणार नाही हेही असतं त्यात. आणि नोकरीत खरी परीक्षा तिथं होते. मी क्वालिटीला असताना एका कंपनीत, नाव लिहीत नाही, मला न केलेल्या हार्डनेस टेस्टच्या रिपोर्टवर सही करायला सांगितली. गाडी गेटवर उभी, कस्टमरची लाइन थांबलेली, साहेब म्हणाले मटेरियल नेहमीचंच आहे, कर सही. तो पार्ट ब्रेकमध्ये जाणारा होता. लेथवर माळेसाठी नोकरी सोडायला निघालेला मी, इथं दहा मिनिटं पेन हातात धरून उभा होतो, आणि ती दहा मिनिटं मला आजही आठवतात, कारण मी जवळजवळ केलीच होती सही.

अशी वेळ आली तर असं करा. लगेच हो किंवा नाही म्हणू नका, पाच मिनिटं मागून घ्या, बाहेर जाऊन पाणी प्या, नाम घ्या. मग नकार लेखी द्या, दोन ओळींत, त्यात धर्म, पाप-पुण्य, साहेबांवर आरोप काही नको. मी लिहिलेलं साधारण असं होतं: ही टेस्ट मी केलेली नाही त्यामुळे रिपोर्टवर सही करू शकत नाही, मशीन आता रिकामी मिळाली तर मी थांबून सॅम्पल तपासून दोन तासांत रिपोर्ट देतो. नकाराबरोबर काम करून द्यायची तयारी असलीच पाहिजे, नाहीतर समोरच्याला तो कामचुकारपणा वाटतो. त्या मेलची एक प्रत स्वतःकडे ठेवा. घरी बायकोला त्याच रात्री सगळं सांगा, कारण पुढे जे होईल ते तिलाही सोसायचंय, आणि तिला विचारल्याशिवाय शौर्य दाखवणं बरोबर नाही. तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तर पाठीचा कणा ताठ राहायला फार मदत होते, हे मी तरुण पोरांना माळ घालतानाच सांगतो, हप्त्यांवर गाडी घेऊ नका म्हणून.

कधी कधी नियम ऑफिसचा नसतो, आपल्याच धर्मातल्या माणसांचा असतो, तेव्हा सगळ्यात अवघड जातं. संत चोखोबांना जातीमुळे पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळात जाऊ दिलं नाही, आज नामदेव पायरीसमोर त्यांची समाधी आहे आणि आत जाणारा प्रत्येक जण आधी तिथं वाकतो. त्याच देवळाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजी 1 मे 1947 ला पंढरपुरात उपोषणाला बसले, दहा दिवसांनी दार उघडायचं ठरलं तेव्हा सोडलं. पण बसायच्या आधी काही महिने ते गावोगाव फिरत होते, लोकांशी बोलत होते, सह्या गोळा होत होत्या, गावोगावची देवळं आणि पाणवठे उघडत होते. उपोषण हे शेवटचं पाऊल होतं, आणि त्रास त्यांनी स्वतःच्या शरीराला दिला, देवळाच्या पुजाऱ्यांना, म्हणजे बडव्यांना, नाही. तुमच्या गावच्या सप्ताहात अजून कोणाची पंगत वेगळी बसत असेल तर आधी सांगा, समजवा, दुसऱ्या वर्षी पुन्हा सांगा, आणि नाहीच ऐकलं तर स्वतः उठून त्या वेगळ्या पंगतीत जाऊन जेवायला बसा. मी एकदा बसलोय. पुढच्या वर्षी आमच्या फडावरचे आणखी चार जण माझ्या शेजारी होते.

त्या सहीचं पुढे काय झालं ते बरेच जण विचारतात. टेस्ट करू दिली नाही, सही दुसऱ्या कोणीतरी केली, आणि पंधरा दिवसांत मला क्वालिटीतून स्टोअरला टाकलं. आठ महिने नट-बोल्ट मोजले. पगार तोच राहिला पण इन्क्रिमेंट गेलं, आणि जुने सहकारी कॅन्टीनमध्ये शेजारी बसायचे बंद झाले, ते जास्त लागलं. त्या काळात राग येऊ नये म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्या होत्या, स्टोअरचं काम असं करायचं की कोणी बोट ठेवू नये, आणि त्या साहेबांबद्दल कोणाजवळ वाईट बोलायचं नाही, वारीत चालतानासुद्धा नाही. दुसरं मला जमलं नाही, एकदा सासवडच्या मुक्कामात सगळं ओकलो एका म्हाताऱ्या टाळकऱ्याजवळ. त्यांनी ऐकून घेतलं, काहीच बोलले नाहीत, पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून दिला आणि म्हणाले माऊली, पहाटे तीनला उठायचंय, झोपा आता.

आठ महिन्यांनी दुसरीकडे नोकरी मिळाली. मुलाखतीत विचारलं आधीची का सोडताय, तेव्हा जे झालं ते कंपनीचं नाव खराब न करता दोन वाक्यांत सांगितलं. तिथंच क्वालिटीला आहे अजून.

कोणाला माळेच्या मापाबद्दल, परीक्षेच्या ईमेलबद्दल किंवा अशा नकाराच्या मजकुराबद्दल विचारायचं असेल तर विचारा, फक्त रात्री नऊच्या आधी, त्यानंतर हरिपाठ असतो.